डाव्या नळीतलं काडतूस

रोझ बेल,
रविवार, २० मे १९६२

तीर्थस्वरूप तुलसीराममामांच्या चरणी, हातातली कानस आणि पक्कड खाली ठेवून, हात साबणाने दोनदा धुऊन भाचा बलराम याचा नमस्कार. (बंदुकीच्या तेलाचा वास तरीही जात नाही. पत्राला तो लागला असेल तर मामींनी ते चुलीजवळ नेऊ नये.) इकडे कुंती, सुनयना आणि मी तिघेही बरे आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय? सूयाकचा समुद्रावरचा वारा मे महिन्यात गुडघ्यांना मानवत नाही, असं तुम्हीच दरवर्षी सांगता आणि दरवर्षी संध्याकाळी तिथेच जाऊन बसता. मामींची शेळी व्यायली का, दोन झाली असतील तर एक कोणाला द्यायचं ठरवलंय, तेही कळवा. आमची काही अपेक्षा नाही, कुंतीने विचारायला सांगितलं म्हणून विचारतो. इकडे ऊस माणसापेक्षा उंच गेला आहे आणि कारखान्यात सगळे रोलर उघडे पडले आहेत, कारण गाळप सुरू व्हायच्या आत ते साफ करून पुन्हा बसवायचे आहेत. म्हणजे दिवसा मी बारा टनांचं लोखंड उघडतो आणि संध्याकाळी साडेसहा पौंडांचं. त्रास साडेसहा पौंडांचाच जास्त आहे.

बसवाल्याबरोबर पाठवलेले तुमचे दोन्ही निरोप मिळाले. पहिला असा, की बंदूक झाली का. दुसरा असा, की बंदूक झाली का, की बलराम नुसता झोपा काढतोय. पहिल्याला मी "होते आहे" असं उत्तर दिलं होतं. दुसऱ्याचं उत्तर बसवाल्याच्या तोंडी देण्यासारखं नव्हतं (तो ते रोझ बेलपासून सूयाकपर्यंत प्रत्येक थांब्यावर देत गेला असता), म्हणून आज कामाला सुट्टी आहे तोवर सगळं सविस्तर लिहितो. मी कोणावर राग धरलेला नाही आणि कोणाची बाजूही घेत नाही. जे झालं ते झालं तसं मांडतो, मग तुम्हीच काय ते ठरवा.

मुळात हे काम माझ्या गळ्यात पडलं ते तुमच्यामुळे. पाडव्यानंतरच्या रविवारी तुम्ही सत्यदेवभाऊ, भगवतीबाई आणि त्यांचा मुलगा जयराम यांना घेऊन सुनयनेला बघायला आलात. सत्यदेवभाऊ तुमच्या गावच्या वरच्या अंगाला असलेल्या शिकारीच्या रानाचे राखणदार. तीस वर्षं हरणांच्या मागे फिरून त्यांची मान वळवायची तऱ्हाही हरणासारखी झाली आहे (हे मी वाईट अर्थाने म्हणत नाही). मुलगा लॉरीवर, निर्व्यसनी, कमी बोलणारा. मुलीने चहा आणला, पुरणपोळ्या झाल्या, बोलणं जरा अडखळलं, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात की माझ्या भाच्याच्या हाताला दाद देणार नाही असं लोखंड अजून कोणी ओतलेलं नाही. मामा, असं बोलताना माणसाने आजूबाजूला बघावं. सत्यदेवभाऊ उठले, बाहेर गेले आणि चटईत गुंडाळलेली दुनळी बंदूक घेऊन आत आले. (सोबत बंदूक माझ्याकडे दुरुस्तीला ठेवण्याच्या परवानगीची पोलिस ठाण्याची चिठ्ठीही होती, म्हणजे ते घरूनच ठरवून निघाले होते.)

ती बंदूक त्यांना मळ्याच्या म्हाताऱ्या गोऱ्या मालकाने, म्हणजे मुस्येने, मळा सोडून आपल्या मायदेशी जाताना स्वतःच्या हाताने दिलेली. त्यांच्या घरात तिचा मान देवाच्या खालोखाल. ती मांडीवर ठेवून ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही. "बलरामभाऊ, उजवीकडचं रिकामं काडतूस उडतं, डावीकडचं बसून ऱ्हातं. शिकारीला आलेले मुस्ये लोक बगतात, आनी मी नखानं काडत बसतो. लई शरम वाटते." यावर तुम्ही हसत हसत जाहीर केलंत की बलराम ज्या दिवशी बंदूक नीट करून आणेल त्या दिवशी साखरपुडा. सगळे हसले, आणि आपल्या लोकांत सगळे एकदम हसले की तो ठराव होतो. शिकारीचा हंगाम दोन जूनच्या शनिवारी उघडणार. त्याच्या आत बंदूक, बंदुकीबरोबर साखरपुडा आणि ऑगस्टात लग्न, असं भगवतीबाईंनी जाता जाता बोटांवर मोजूनही दाखवलं. सुनयनेला कोणी काही विचारलं नाही. ती तेव्हा कपबशा उचलत होती.

आता रोग काय तो सांगतो. दुनळी मधोमध वाकवून उघडली की नळ्यांची मागची तोंडं वर येतात. तिथे दर नळीला एक छोटी पट्टी असते. तिचं खरं नाव काय ते गोऱ्यांना ठाऊक, मी तिला आमच्या कारखान्याच्या रीतीने फेक्या म्हणतो. काडतूस उडवलेलं असेल तर फेक्याने त्याचं रिकामं टरफल फाटकन खांद्यावरून मागे टाकायचं. उडवलेलं नसेल तर ते नुसतं बोटभर वर करून अदबीने थांबायचं, कारण भरलेलं काडतूस मालकाला अजून लागणार असतं. म्हणजे फेक्याला स्प्रिंगची ताकद हवी आणि जोडीला थोडा विवेकही हवा. हे दोन्ही एका जागी असलेला फोरमन मी बावीस वर्षांत एकच पाहिला, आणि तोही लवकर वारला.

गावात बार काढायची सोय नाही. पण रिकामी काडतुसं घालून चाप ओढला तरी बंदूक फसते, तिला वाटतं बार झाला. पहिल्याच संध्याकाळी मी तसं करून पाहिलं. उजवं काडतूस अंगणात जाऊन पडलं. डावं जागचं इंचभर उठलं आणि तिथेच राहिलं. मी निदान केलं की डावी स्प्रिंग मेली आहे. नळ्यांखालचं लाकूड काढलं, दोन पेच सैल केले, तिसरा सैल करत असताना स्प्रिंग गेली. कुठे गेली ते दिसलं नाही, आवाज मात्र झाला. आम्ही तिघांनी चटया उचलल्या, तांदूळ चाळले, कोंबड्यांना खुराड्यातून बाहेर काढून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. सगळ्यांत मन लावून शोधत होती ती कुंती. दमल्यावर ती देवळात भजनाला गेली, दोन तास टाळ वाजवले, परत येऊन केस सोडले आणि स्प्रिंग तिच्या अंबाड्यातून खाली पडली. मागे बसलेल्या बायकांनी ती पाहिली होती म्हणे. त्यांना वाटलं की क्युरपिपच्या दुकानात नवीन काही आलं आहे, आणि दोघी तिघींनी दुसऱ्या दिवशी तसं विचारलंही.

स्प्रिंग सापडली, पण माझ्या मते ती मेलेलीच होती. म्हणून कारखान्यातल्या भंगार वजनकाट्याची पोलादी पट्टी कापून मी नवी केली. पोलाद लाल करून तेलात बुडवायचं असतं. तेल कुंतीचं होतं आणि कढईही कुंतीची, आणि त्यानंतर चार दिवस आमच्या फराट्यांना, म्हणजे पोळ्यांना, जो वास येत होता तो विषय मी इथे वाढवत नाही. पहिली स्प्रिंग मऊ पडली. काडतूस असं वर यायचं, जसा मी रविवारी पहाटे कोणी दार वाजवलं की उठतो. म्हणून दुसरी चांगली कडक केली, आणि मग काडतूस खरंच उडालं.

ते उडालं त्याच वेळी आमच्या मंडळाचे चिटणीस चंद्रमोहन माझ्या मागच्या खुर्चीवर बसलेले होते. ते आले होते ते बैठकीत, म्हणजे आमच्या मराठीच्या संध्याकाळच्या वर्गात, नवा फळा कधी बसवून देतोस ते विचारायला. (जुना फळा कारोलच्या वादळात गेला. तिथे सुनयना शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ती दोन वर्षं दारावर खडूने लिहून शिकवते आहे हे ठाऊक नसेल.) मी चाप ओढला, बंदूक उघडली, काडतूस माझ्या खांद्यावरून गेलं आणि चिटणिसांच्या कपाळावर बरोबर गंधाच्या जागी लागलं. जखम म्हणावी असं काही नव्हतं, पितळी बुडाचा एक गोल वळ उठला, इतकंच. पण गेल्या सभेत हार्मोनियम त्यांच्या घरी ठेवण्याच्या विरुद्ध मी हात वर केला होता, त्यामुळे हे ठरवून केलं असं त्यांचं मत पडलं. तातडीची सभा भरली. कोणाही सभासदाने पदाधिकाऱ्याकडे पाठ करून हत्यार उघडू नये असा ठराव झाला. मी ठरावाच्या बाजूने मत दिलं, आणि शिक्षा म्हणून फळाही त्याच आठवड्यात बसवून दिला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी बंदूक लगेच घेऊन निघालो असतो. पण चिठ्ठीतल्या अटीप्रमाणे दर शुक्रवारी ठाण्याचा शिपाई बंदूक जागेवर आहे ना ते बघायला येतो, चहा पितो आणि वहीत 'दुरुस्ती चालू' असं लिहून जातो. त्याने सहज विचारलं, की न उडवलेलं काडतूस घातलं तर काय करते. मी चाप न ओढता बंदूक उघडली. डाव्या फेक्याने तेही फेकलं. माझी स्प्रिंग इतकी कडक झाली होती की तिला आवरणारा खटका टिकेनाच, म्हणजे ताकद आली आणि विवेक गेला. आता विचार करा, सत्यदेवभाऊ पाहुण्यांसमोर उजवा बार काढणार, बंदूक उघडणार, आणि दुसऱ्या हरणासाठी राखलेलं भरलेलं काडतूसही चिखलात जाऊन पडणार. पूर्वी नखाने काढावं लागत होतं, आता वाकून शोधावं लागेल. रोग बदलला, पण शरम तीच राहिली. शिपायाने चहा संपवला आणि 'दुरुस्ती चालू' असं लिहिलं.

तेव्हा मामा, काम किती बारीक आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. असल्या कामात घाई केली तर ती अंगाशीच येते. तुम्ही सत्यदेवभाऊंना समजावून सांगा, आणि भगवतीबाईंना म्हणावं की साखरपुड्याच्या साड्यांची एवढ्यात घाई करू नये. मामींना दोघांचे नमस्कार आणि शेळीला बरं वाटो. गुडघ्याला गरम मिठाचा शेक द्या, समुद्र आपल्या जागी राहील.

तुमच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला (आजपर्यंत),
बलराम

ता. क. घडी घालण्याआधी पत्र पुन्हा वाचून पाहिलं. लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त ते चोवीस एप्रिलच्या आधीचं आहे. त्या मंगळवारी मी डावा फेक्या सोडवण्यासाठी दिव्यावर जरा तापवला, तर त्याला तुपाचा वास आला. मला वाटलं कढईचाच परिणाम. शेजारी सुनयना पोरांच्या वह्या तपासत बसली होती, तिने मान वर केली आणि म्हणाली की हे खंडेनवमीचं तूप आहे. बघायच्या दिवशी आपण बंदुकीवर चर्चा करत होतो तेव्हा भगवतीबाईंनी तिला आत नेऊन विचारलं होतं, की शस्त्रपूजा येते का, आणि सून म्हणून काय काय करावं लागेल ते सगळं सांगितलं होतं. आपल्या वाडवडिलांची रीत, खंडेनवमीला घरातल्या शस्त्राची पूजा. त्यांच्या घरी तलवार नाही, म्हणून बंदूक. ती उघडून पाटावर डाव्या कुशीवर निजवायची, हळदकुंकू, अक्षता वाहायच्या आणि उघड्या तोंडावर पळीभर पंचामृत घालायचं. बंदूक घरात आल्यापासून अकरा वर्षं. दूध, दही, तूप, मध आणि साखर दरवर्षी उतारावरून डाव्या फेक्याच्या खाचेत उतरत गेली आणि तिथे वाळली. स्प्रिंगचा बिचारीचा काही दोष नव्हता. सुनयनेने कढत पाणी, रॉकेल आणि साडीची पिन घेऊन ते सगळं खरवडून काढलं, आत कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणाही निघाला. मग कुंतीच्या अंबाड्यातली ती जुनी स्प्रिंगच परत बसवली. चाप ओढले, दोन्ही काडतुसं एकदम उडाली आणि एकाच चटईवर पडली. न उडवलेली घातली तर बोटभर उठून थांबली. बंदूक गेले सव्वीस दिवस ठणठणीत आहे. (भगवतीबाईंना कारण सांगू नका. पुढच्या खंडेनवमीला पंचामृत लाकडी दस्त्याला लावावं, एवढंच सुचवा.)

ता. क. २. मग आणून का दिली नाही, असं तुम्ही विचारणार. सुनयनेने बंदूक पुसली, बंद केली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "पापा, झाली. पन पा दीर. एवड्यात कुनाला सांगू नको." आणि वह्यांच्या खालून एक पत्र काढून दिलं. बो-बासँच्या शिक्षकांच्या कॉलेजात तिची निवड झाली आहे. दोन वर्षं शिकायचं, ऑगस्टात सुरुवात. अर्ज तिने आम्हाला न सांगता केला होता. मी म्हटलं, मंडळी बघायला आली तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली, "कुनी विचारलं नाय." मामा, तिथे तुम्ही होतात, मी होतो, एकूण सात माणसं होती, आणि तिचं म्हणणं खरं होतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तुमची फार भीती वाटली. जोवर बंदूक माझ्या घरी आहे तोवर साखरपुडा नाही आणि मला कोणाला 'नाही' म्हणायला नको, म्हणून मी रोज संध्याकाळी ती काढतो, तेल लावतो आणि परत ठेवतो. शिपायालाही अजून तेच लिहू देतो. पन्नाशीचा माणूस मुलीच्या मागे उभा राहायचं सोडून बंदुकीच्या मागे लपला, हे मला शोभत नाही, हे मला कळतं.

ता. क. ३. पण दोन जूनला आता तेराच दिवस राहिले. माझ्या भित्रेपणासाठी सत्यदेवभाऊंनी या वर्षीही गोऱ्यांसमोर बंदुकीत नखं घालायची, हे बरोबर नाही. तेव्हा येत्या शनिवारी तुम्ही इकडे या, आपण दोघे बंदूक घेऊन त्यांच्याकडे जाऊ, आणि तिथे नकार तुम्ही द्या. स्थळ तुम्ही आणलंत, तुमच्या तोंडून आलेलं 'नाही' त्यांना टोचणार नाही, माझ्या तोंडून आलेलं टोचेल. जयरामात काही खोट नाही असं दोनदा सांगा, कारण ते खरं आहे. मी तुमच्या शेजारी बसेन आणि मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघणार नाही. आधी दोन्ही नळ्यांत काडतुसं घालून उडवून दाखवू, बोलणं त्यानंतर. फक्त बंदूक कोणी नीट केली ते सांगू नका, ते माझ्या नावावर राहू द्या. खरं कळलं तर सत्यदेवभाऊ बंदूक तुमच्या हातात परत देतील आणि मुलगीच मागतील.